ते शिसे भंगारवाला नेणार नाही

संपादक महोदय,

पेरोव्हस्काइट सौरघटांवरचा आपला लेख आवडला, पण त्यातला एक युक्तिवाद पटला नाही. या घटांत शिसे नाममात्र असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते किलोंनी असते, मग भीती कसली, असे लेखक विचारतात.

वजनाचा हिशेब बरोबरच आहे. मिथिलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटचा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा; चौरस मीटरमागे शिसे ग्रॅमभरही भरत नाही. आजच्या सिलिकॉन पॅनेलच्या सोल्डरमध्येही शिसे असते. पण ते धातुरूपात. पेरोव्हस्काइटला पाणी लागले की त्यातला सेंद्रिय भाग निघून जातो आणि लेड आयोडाइड उरते. शाळेत लेड नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड ओतल्यावर पडणारा पिवळाधमक साका तो हाच. पुस्तके त्याला अविद्राव्य म्हणतात, तरी लिटरभर पाण्यात तो सुमारे पाऊण ग्रॅम विरघळतो. म्हणजे शिसे झाले ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम! बॅटरीतले लेड सल्फेट याच्या मानाने फारच कमी विरघळते.

शिवाय जुनी बॅटरी उकिरड्यावर पडून राहत नाही, कारण भंगारवाला तिचे रोख पैसे मोजतो. (पुढे ती कुठल्या भट्टीत वितळते, हा वेगळ्या पत्राचा विषय.) ग्रॅमभर शिशासाठी फुटकी काच कोण उचलेल? विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर गारपीट होते आणि आता सौरपंपांची पॅनेल थेट शेतात, विहिरीशेजारी उभी आहेत.

या घटांना माझा विरोध नाही. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमतेपासून सुरुवात केली, आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे आहे. शिशाऐवजी कथिल वापरून पाहिले जाते, पण त्याचे ऑक्सिडीकरण लवकर होते. तेव्हा ‘शिसे नकोच’ हा हट्टही मला मान्य नाही. घट फुटला तरी शिसे धरून ठेवणारे थर संशोधकांनी बनवले आहेत. सक्ती नसेल तर तो जादा खर्च कोणती कंपनी आपणहून करेल?

२०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आले खरे, पण कंपन्यांनी तो कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवावा, यावरच तिथे भर आहे. पेरोव्हस्काइट पॅनेल गावोगावी पोचण्याआधीच त्याच्या किमतीत अनामत धरावी आणि फुटके पॅनेल तालुक्याच्या ठिकाणी जमा करणाऱ्याला ती रोख परत मिळावी.

– रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नाशिक