क्लैब्य : लज्जा रुग्णाची, दायित्व वैद्याचे

धुळ्याचा रुग्ण जळगावास येतो आणि जळगावचा धुळ्यास जातो. ओळखीचे कोणी भेटू नये, एवढाच हेतू. वैद्यासमोर बसूनही तो प्रथम कंबरदुखी सांगतो, मग अशक्तपणा, आणि उठता उठता खरी तक्रार. खान्देशातील वैद्यबंधूंना हा अनुभव नवा नाही. प्रश्न असा की, त्या शेवटच्या वाक्यानंतर आपण काय करतो? पुष्कळदा अश्वगंधा, कवचबीज वा शिलाजिताचा योग लिहून मोकळे होतो. माझ्या मते ही चिकित्सा नव्हे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, ३०व्या अध्यायात, क्लैब्याचे बीजोपघात, ध्वजोपघात, जरा व शुक्रक्षय असे चार भेद सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी सहा भेदांत मानस क्लैब्य प्रथम वर्णिले. तेव्हा हेतू शोधल्यावाचून वाजीकरण नको, हा दंडक आपल्याच शास्त्राचा आहे.

आधुनिक संशोधनाने त्यास बळच दिले आहे. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने रक्तवाहिन्यांचा विकार तेथे आधी प्रकट होतो. कित्येकांत हृद्रोगाच्या लक्षणांपूर्वी दोन ते पाच वर्षे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मद्य आणि रक्तदाब व मनोविकारांवरील काही औषधे ही कारणेही तितकीच महत्त्वाची. अशा रुग्णास केवळ पौष्टिक चूर्ण देणे म्हणजे धोक्याची सूचना दडपणे होय.

पहाटे ताठरता येते काय, तक्रार अकस्मात उद्भवली की हळूहळू, हे विचारावे. पहाटेची ताठरता टिकून असेल व तक्रार प्रसंगपरत्वे होत असेल, तर नवविवाहिताची धास्ती, कर्जाची विवंचना, दांपत्यकलह यांकडे वळावे. मात्र देह व मन अशी काटेकोर वाटणी क्वचितच होते. मधुमेहामुळे एकदा अपयश आले की, पुढे भयच व्याधी वाढविते. चरकाचार्यांनी वृष्य भावांत संकल्पास आणि अवृष्य भावांत दौर्मनस्यास अग्रस्थान दिले, ते उगाच नव्हे.

अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरीही भिंती रंगतातच. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत सिल्डेनाफिलची भेसळ आढळली आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ती प्राणघातक ठरू शकते, आणि दूषण मात्र आयुर्वेदास लागते.

म्हणून नाडीपरीक्षेसोबत रक्तदाब व रक्तशर्करा तपासावी, व्यसन विचारावे, गरज भासल्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि रुग्णाच्या संमतीने पत्नीशीही बोलावे. दूर गावाहून मोठ्या संकोचाने आलेल्या माणसास निदान एवढे तरी मिळालेच पाहिजे.