जेवले कोण?

‘आजीने जेवून झोपलेल्या नातवाला उठवले.’ या वाक्यात जेवले कोण? ‘आजीने’नंतर क्षणभर थांबा आणि ‘जेवून झोपलेल्या’ एका दमात म्हणा. पोट नातवाचे भरते. आता ‘आजीने जेवून’ सलग म्हणा आणि मग थांबा. जेवण आजीचे होते, नातू बिचारा बहुधा उपाशीच झोपलेला असतो. शब्द तेच, क्रम तोच, प्रत्ययही तेच. वाक्याची रचना मात्र बदलली, आणि ती बदलली निव्वळ आवाजाने.

बोलण्यातले चढउतार, आघात आणि विराम यांना आपण भाषेचे दागिने समजतो. नटाला लागतात, वक्त्याला लागतात. आपल्याला काय करायचे? हा समज चुकीचा आहे. ‘तू काय खाणार’ हे तीन शब्द पाहा. ‘काय’वर जोर दिला की ती विचारपूस होते. ‘तू’वर जोर देऊन आवाज खाली सोडला की तेच हिणवणे होते. पहिल्यात ‘काय’ हे वाक्याचे कर्म आहे, दुसऱ्यात ते कर्म उरतच नाही. म्हणजे सुराने व्याकरणच फिरवले! ‘जो पहिला येईल’ म्हणताना आवाज अधांतरी राहतो, आणि ‘त्याला’ हा शब्द आल्यावरच ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

मोडी लिहिणारे आधी आडवी रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. वाक्य तोडायचे ते वाचणाऱ्याने, आपल्या कानाच्या भरवशावर. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवरची विरामचिन्हे मराठीत आणली. सोय झाली, यात शंका नाही. पण स्वल्पविराम ही आवाजाची पावती आहे, रोख रक्कम नव्हे.

बँकेत असताना मुख्यालयाची परिपत्रके येत. एकेक वाक्य अर्ध्या पानाचे. आमच्या शाखेतले एक हेडक्लार्क ती मोठ्याने वाचून दाखवत, आणि तीनदा डोळ्यांखालून घालूनही न कळलेले एका ऐकण्यात कळे. ते समजावून काहीच सांगत नसत. कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते.

हे ज्ञान माणूस फार लवकर मिळवतो. फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या, जन्मून जेमतेम काही दिवस झालेल्या बाळांच्या रडण्याचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच बाळांचे रडणे बहुधा चढत्या सुराचे होते, जर्मन बाळांचे उतरत्या. त्या त्या भाषेची चाल असते तसेच. शब्द यायला अजून वर्ष होते, सूर आईच्या पोटातच कानांवर पडला होता.

असे सूर घेऊन आलेले मूल शाळेत जाते, आणि आपण त्याला एकेका शब्दावर बोट ठेवून, ठेचकाळत वाचायला लावतो. प्रकट वाचन मागे पडले आहे. घरात तर कोणी कोणाला वाचून दाखवतच नाही. व्याकरणाच्या पेपरात विरामचिन्हांची नावे लिहून गुण मिळतात. एकच वाक्य दोन अर्थांनी म्हणून दाखव, असे तोंडी परीक्षेत एखाद्या मुलाला विचारलेले मी तरी अजून ऐकलेले नाही.