सौर विजेचीं हत्यारें : थोडीं घ्यावीं, पण चोख घ्यावीं

हल्लीं आपल्या संघाच्या पुष्कळ सभासदांच्या मळ्यांत सूर्यप्रकाशावर वीज तयार करणारीं पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. कोणाच्या विहिरीवर मोठा पंप आहे, कोणाच्या वस्तीवर दोन दिवे व एक पंखा आहे, तर कोणीं रानडुकरांच्या त्रासामुळें पिकाभोंवतीं झटक्याचें कुंपण केलें आहे. हीं साधनें घेतांना पॅनेल किती वॉटचें, बॅटरी कोणत्या कारखान्याची, याची आपण कसून चौकशी करितों. परंतु ज्या तारांनीं हीं एकमेकांस जोडावयाचीं, त्या तारा कोणत्या हत्यारानें जोडल्या, हें कोणीच विचारीत नाहीं. माझें नम्र मत असें आहे कीं, घरच्या घरीं जोडणी करणाऱ्या शेतकऱ्यानें पहिला पैसा हत्यारांवर खर्च करावा, आणि त्यांतही जोड दाबण्याच्या पकडीवर करावा. हें मत स्वतः नुकसान सोसून झालेलें आहे.

माझें सारें आयुष्य कचेरींतील दप्तरांत गेलें. त्यामुळें नोकरींतून मोकळा झाल्यावर हातानें कांहीं करण्याची हौस आली. 2023 सालीं मीं गोठ्याच्या छपरावर 150 वॉटचें एक पॅनेल बसविलें व खालीं 12 व्होल्टची बॅटरी ठेविली. पॅनेलाच्या तारेच्या टोकास जी एमसी-फोर नांवाची जोडकळ असते, तिच्यांतील धातूची नळी तारेवर दाबून बसवावी लागते. ती मीं घरच्या साध्या पकडीनें चेपली, वरून टोपण आवळलें, आणि दिवे लागलेले पाहून समाधान मानिलें. पांच-सहा महिन्यांनीं बॅटरी भरेनाशी झाली. मीं पॅनेल उतरवून दुकानीं नेलें व दुकानदारास चार शब्द सुनावले. त्यानें तें उन्हांत धरून मोजून दाखविलें. पॅनेलांत कांहींच दोष नव्हता. नाचतां येईना अंगण वांकडें, अशी माझी गत झाली. घरीं येऊन पाहतों तों जोडकळीचें टोपण वितळून वाशास चिकटलें होतें व वासा वीतभर काळा पडला होता. त्या वाशाखालीं चार हातांवर वर्षाचा कडबा रचलेला होता आणि दावणीला दोन गाई होत्या. आग लागली नाहीं, यांत माझें शहाणपण कांहीं नव्हतें.

असें कां झालें, याचा हिशेब सोपा आहे. तारेंतून 8 अँपिअर प्रवाह जात असतां जोडाच्या ठिकाणीं पाव ओहम जरी रोध असला, तरी 8 गुणिले 8 गुणिले पाव, म्हणजे 16 वॉट उष्णता त्या बोटभर जागेंत उत्पन्न होते. लहान डाख देण्याचें सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या 16 वॉटचा अर्थ समजेल. जोड तापला कीं तांबें काळें पडतें, त्यानें रोध वाढतो, रोध वाढल्यानें जोड अधिक तापतो. हें चक्र रोज सूर्योदयाबरोबर सुरू होतें व कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं.

वाईट हत्याराचा खरा धोका हाच, कीं तें आपली चूक बोलून दाखवीत नाहीं. जुन्या काळीं जमिनीची मोजणी 33 फुटांच्या साखळीनें होत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, हें आपण सर्व जाणतों. वापरानें कड्या ताणून ती साखळी अवघी चार इंच लांबली, तर 40 गुंठ्यांचें शेत कागदावर सुमारें सव्वाएकोणचाळीस गुंठेच भरणार. मोजणारा प्रामाणिक, शेत जागच्या जागीं, तरी पाऊण गुंठा नाहींसा! पकडीचेंही तसेंच आहे.

म्हणून हत्यार कसें पारखावें, तें सांगतों. जोड दाबण्याची पक्कड रॅचेटची असावी, म्हणजे दाब पुरा झाल्याशिवाय तिची मूठ उघडूं नये. तिच्या जबड्यांत 2.5, 4 व 6 चौरस मिलिमीटर तारेसाठीं निरनिराळे साचे असावेत आणि मूठ दाबिली असतां साच्याच्या दोन्ही बाजू केसाचीही तिरपाई न होतां मिळाव्यात. द्राक्षाचें किंवा आंब्याचें कलम बांधणाऱ्यास हें अधिक सांगणें नको. खुंट व काडी यांच्यामध्यें पोकळी राहिली तर कलम वरून कितीही घट्ट बांधा, तें वाळतेंच. तारेच्या बारीक तंतूंमध्येंही हवा राहतां कामा नये. जोड दाबल्यावर तार हातानें जोरानें ओढून पाहावी. जी सुटते ती आजच सुटलेली बरी. शिवाय एका कारखान्याची नर जोडकळ दुसऱ्याच्या मादींत घालूं नये. ती बसते, पण माप सूक्ष्म भेदानें निराळें असल्यामुळें पुढें तापते.

दुसरें हत्यार तारेचें आवरण सोलण्याचें. 4 चौरस मिलिमीटरच्या सौर तारेंत साधारणतः 56 तंतू असतात. चाकूनें किंवा दातांनीं सोलतांना त्यांपैकीं आठ तुटले, तर तारेचा सातवा हिस्सा त्या जागीं गेलाच म्हणून समजावें. मापाचीं भोकें असलेली सोलणी घ्यावी व प्रथम वाया गेलेल्या तुकड्यावर चालवून पाहावी.

तिसरें साधन मोजण्याचें. आपल्या खिशांतील दिव्याचा टेस्टर येथें निरुपयोगी, किंबहुना घातक आहे. पॅनेलाची वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. तिच्यावर तो दिवा पुष्कळदां लागतच नाहीं, आणि दिवा लागला नाहीं म्हणून तार मेली, असें मानणारा फसतो. मल्टीमीटर घ्यावा. तारेस चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर घ्यावयाचा असल्यास तो डीसी प्रवाह मोजतो कीं नाहीं, हें दुकानांतच विचारावें. कारण स्वस्तांतील पुष्कळसे चिमटे केवळ घरगुती एसी प्रवाहच दाखवितात. पेचकस व पक्कड यांच्या मुठीवर 1000 व्होल्टचा छाप व दुहेरी त्रिकोणाची खूण पाहावी. नुसती रंगीत प्लास्टिकची मूठ म्हणजे संरक्षण नव्हे. बॅटरीचे स्क्रू आवळण्याच्या पान्यास टोंक सोडून टेप गुंडाळावी व हातांतील अंगठी काढून ठेवावी. दोन्ही टोंकांस पाना लागला तर तो क्षणांत लाल होतो.

मात्र चांगलें हत्यार हातीं आलें म्हणून सर्व कामास हात घालूं नये. ऊन असेतोंवर पॅनेलाची वीज कोणत्याही बटनानें बंद होत नाहीं. त्यावर जाड घोंगडी टाकूनच काम करावें. सरकारी योजनेंतील पंपाच्या पॅनेलांची ओळ शेंकडों व्होल्टची असते. घरगुती वीज सेकंदांत 100 वेळां शून्यावर येते, त्यामुळें तिची ठिणगी विझण्यास वाव मिळतो. पॅनेलाची वीज शून्यावर येतच नाहीं, व चालू जोड ओढून सोडविला तर ठिणगीची ज्वाळा तशीच जळत राहते. अशा पंपाची पांच वर्षें दुरुस्ती करण्याची जबाबदारी पुरविणाऱ्यावर असते. तेथें त्यालाच बोलवावें. माझें सांगणें 12 व 24 व्होल्टच्या लहान संचापुरतें आहे.

कोणी म्हणेल, लहानशा संचासाठीं इतकीं महाग हत्यारें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. हा आक्षेप एकट्या शेतकऱ्यापुरता खरा आहे. चार जोड दाबण्यासाठीं प्रत्येकानें पक्कड घ्यावी, असें मीही म्हणत नाहीं. किंबहुना यामुळेंच जो तो स्वस्त पक्कड घेतो, आणि गांवांत वीस वाईट पकडी होतात. त्या विसांच्या पैशांत एक उत्तम संच येऊन कांहीं रक्कम शिल्लक राहील.

म्हणून माझी सूचना अशी आहे कीं, आपल्या संघानें असा एक संच विकत घ्यावा. त्यांत साच्यांसह रॅचेटची पक्कड, सोलणी, डीसी चिमटा-मीटर, दोन पेचकस व जोडकळीचे दोन पाने एवढेंच असावें. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसें सामाईक हत्यार बेवारस होतें, ही भीति मला ठाऊक आहे. त्यास उपाय नोंदवही हाच. नेणाऱ्याचें नांव, तारीख, अनामत रक्कम, परत आल्यावर पाहणाऱ्याची सही, एवढे रकाने पुरेत. वर्षांतून एकदां, सुगी आटोपल्यावर, जाणत्या वायरमनकडून पकडीनें दाबलेला नमुन्याचा जोड तपासून घ्यावा व त्याच दिवशीं सभासदांस तें काम करून दाखवावें.

माझ्या गोठ्यांतील तो काळा पडलेला वासा मीं अद्याप बदललेला नाहीं. ज्यांस माझें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटेल, त्यांनीं येऊन तो पाहावा, आणि घरीं परत गेल्यावर आपल्या छपराखालचे जोड एकदां हात लावून नव्हे, तर मीटर लावून तपासावेत. संघाच्या चालकांनीं येत्या सभेंत या सूचनेचा अवश्य विचार करावा, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.