अंगठा आजीचाच घ्या

भोकरदन तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी बावीस वर्षं शिकवते. जूनमध्ये नावं घालायची गर्दी उसळते आणि दरवर्षी माझा पेन एकाच रकान्यावर अडतो : ‘पालकाचे नाव’.

एकदा पहिलीतल्या मुलीला घेऊन तिची आजी आली. म्हणाली, “मॅडम, दिवाळी झाली की लेक-सून कारखान्याला जातेत. पोरगी सहा महिने माझ्यापाशीच असती. अंगठा माझाच घ्या.” मी नियमावर बोट ठेवलं आणि वडिलांचीच सही घेतली. हिवाळ्यात एका कागदासाठी आजी नातीला घेऊन तालुक्याला आली, तर कचेरीच्या खिडकीतून उत्तर मिळालं, आई-वडिलांना घेऊन या. ते दोघं तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडात होते. मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापले जाणार. आजी हात हलवत परत गेली. त्या मुलीला रात्री पांघरूण घालणारी, सकाळी तिची वेणी घालणारी बाई कागदावर कुणीच नव्हती.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’. आपणही कुटुंब असंच मोजतो. आई-बाप दोघं घरात असले तर पूर्ण, नाहीतर अर्धं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई नवऱ्यामागे दोन एकर मिरची करते, पहाटे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात माल नेते. तरी पाहुणे त्या नऊ वर्षांच्या पोराला विचारतात, “आता घरात कर्ता कोण?” कर्ती समोर चहा देत उभी असते.

यात पैशाचाही भेद आहे. गावातली खाऊनपिऊन सुखी घरं मुलांच्या शिकवणीसाठी छत्रपती संभाजीनगरला खोली करतात. आई तिथं, वडील इथं शेतीवर. त्या घराला कुणी मोडलेलं म्हणत नाही. ऊसतोड कामगाराचं मूल आजीजवळ राहिलं की मात्र आपण म्हणतो, पालकांचं लक्ष नाही. हा शेरा मीही प्रगतिपुस्तकावर लिहिलेला आहे आणि त्याची मला लाज वाटते.

आजीला किंवा एकट्या आईला पालक मानणं आपल्या परंपरेतच बसत नाही, असं कुणी म्हणेल. पण आपलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात सातवाहन काळाच्या वस्तू मिळाल्या. त्या सातवाहनांचे राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणून आईच्या नावानं ओळखले गेले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तो कोरला गेला तिच्या नातवाच्या कारकिर्दीत, आणि त्यात ती राजाची आई आणि राजाची आजी म्हणून उभी आहे. आईचा, आजीचा मान या मातीला नवा नाही.

कायदाही आडवा येत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तर ज्याच्याकडे मुलाची देखभाल आणि ताबा आहे, तीही व्यक्ती पालकच. मग अडतं ते आपल्या सवयीपाशी.

म्हणून माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना आणि खिडकीमागच्या प्रत्येकाला विनंती आहे. ‘वडिलांचे नाव काय?’ याआधी ‘मूल कोणाजवळ राहतं?’ हे विचारा. उत्तर आजी येईल, चुलता येईल, एकटी आई येईल, मामा येईल. जे येईल ते लिहून घ्या आणि सहीसाठी पेन किंवा अंगठ्यासाठी शाईचं पॅड त्या माणसापुढे करा. यंदा माझ्या वर्गाच्या अर्जांवर सहा आज्यांचे अंगठे आहेत. त्या सहाही जणी पालक सभेला वेळेवर आल्या.