ईमेल पोराचा, चावी दुकानदाराकडे

ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एक रीत पडून गेली आहे. पोरगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येतो. त्याच्याकडे ईमेल नसतो. दुकानदार दोन मिनिटांत काढून देतो. रिकव्हरीला नंबर दुकानाचा, पासवर्ड दुकानाच्या वहीत. पुढे महाडीबीटीचा निरोप, पासपोर्टची अपॉइंटमेंट, सगळे त्या पत्त्यावर जाते आणि पोराला त्याचा पत्ताच नसतो. दुकानदार वाईट नसतो, घाईत असतो. पण दुसऱ्याची पत्रे ही अमानत आहे, आणि ती वहीत ठेवू देणारे आपणच आहोत.

यावर हमखास उत्तर येते : मोबाइलवर जीमेल आहे की! आहे ना. मोबाइल घरात एक, तो अब्बांबरोबर कामावर. कसारा म्हणजे लोकलचे शेवटचे स्टेशन. पुढे घाट सुरू झाला की बोगद्यांत नेटवर्क येते-जाते. कॉलेजचे पत्र उघडायला रेंजची वाट का पाहायची?

दुसरीकडे विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुने लॅपटॉप भंगारात निघाले. हे मला पटत नाही. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट चालते, फुकट मिळते, आणि त्यात थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आधीच असतो. एका मदरशात, शाळेत किंवा मशिदीशेजारच्या वाचनालयात असा एक लॅपटॉप ठेवून प्रत्येक मुलाला वेगळे लॉगिन देता येते.

थंडरबर्ड उघडल्यावर नाव, ईमेल आणि पासवर्ड विचारतो. नाव कागदपत्रांवर आहे तेच, त्याच स्पेलिंगने लिहा. आपल्याकडे मोहम्मद, मोहंमद आणि मो. अशी एकाच माणसाची तीन नावे फिरतात आणि प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो. पत्रावर चौथे नको. जीमेल असेल तर गूगलची स्वतःची लॉगिनची खिडकी उघडते. बाकीची सेटिंग तो बहुधा शोधून काढतो. हाताने भरायची वेळ आलीच तर येणाऱ्या पत्रांना ९९३ पोर्ट, जाणाऱ्यांना ४६५, दोन्हीकडे एसएसएल.

आयमॅप की पॉप, असे विचारले तर आयमॅप घ्या. पॉपमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण राहून गेली तर पत्रे त्या एका लॅपटॉपवर उतरून सर्व्हरवरून पुसली जातात, मग मोबाइलवर काही दिसत नाही. आयमॅपमध्ये पत्रे दोन्हीकडे राहतात आणि डिस्कवर प्रत ठेवली की नेटशिवायही वाचता येतात. मात्र याला बॅकअप समजू नका. सर्व्हरवर कोणी पत्र पुसले तर पुढच्या जोडणीला ते लॅपटॉपवरूनही जाते. म्हणून प्रवेशपत्र, पावती, मंजुरीचे पत्र थंडरबर्डमधल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्या. त्या फोल्डरमध्ये लॉगिनही साठवलेले असते, तेव्हा प्रायमरी पासवर्ड लावा आणि पेन ड्राइव्ह वाटेल त्याला देऊ नका.

लिनक्सवाल्यांतल्या काही हौशी मंडळींना हे फार साधे वाटते. घरीच मेल सर्व्हर चालवा म्हणतात. घरगुती कनेक्शनवरून पाठवलेली पत्रे बहुतेक ठिकाणी स्पॅममध्ये पडतात. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला ही हौस कोणाला परवडते?

आणि दुकानदारांना एवढेच सांगणे : रिकव्हरीला नंबर पोराचा टाका. त्याचा नसेल तर अम्मीचा टाका. पासवर्ड त्याला स्वतःला टाइप करू द्या, तेवढा वेळ स्क्रीनवरून नजर काढा, आणि वहीतली जुनी पाने त्या-त्या घरी देऊन टाका.