थ्री नॉट थ्रीचं पोस्टर घ्या, पण खाली चार ओळी लिहा

परवा आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषय होता अभ्यासिकेच्या भिंती. एका तरुण सदस्याने मोबाईलवर पोस्टरचा संच दाखवला. जुन्या लष्करी बंदुका, चकचकीत छपाई, सहा पोस्टर बाराशे रुपयांना. "पोरं मोबाईल सोडून भिंतीकडे तरी बघतील," असं त्याचं म्हणणं. दोघा ज्येष्ठांनी लगेच हरकत घेतली. अभ्यासिकेत बंदुका कशाला?

मी म्हटलं, घ्या. पण एका अटीवर.

त्या संचात पहिलंच पोस्टर ली-एनफिल्डचं आहे. म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. त्यावर लांबी आहे, वजन आहे, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात हे आहे, १९०७ हे सालही आहे. ती कुणाच्या हातात होती आणि कुणावर चालली, याबद्दल मात्र अक्षर नाही.

१३ एप्रिल १९१९ला जालियनवाला बागेत जनरल डायरच्या ५० शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या, त्या याच .३०३ रायफलींतून. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या आसपास गेला. आणि गोळ्या झाडणारे शिपाई आपल्याच सैन्यातले होते, हेही पोरांना कळलं पाहिजे.

१९६२ला हिमालयात आपले जवान हीच रायफल घेऊन लढले. एक गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा. समोर चिन्यांकडे स्वयंचलित शस्त्रं. पुढे ४६ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्टेशनवर काही पोलिसांच्या हातात तीच थ्री नॉट थ्री आणि समोर एके-४७. माणसं शूर होती, हत्यार जुनं होतं. हत्यार वेळेत का बदललं नाही, हा प्रश्न पोस्टर विचारत नाही. तो आपण विचारायचा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. आपल्याकडच्या कितीतरी गावांत असे दगडी फलक आहेत: गावातून इतके लढाईला गेले, इतके परत आले नाहीत. त्या फलकावर बंदुकीचं चित्र नसतं, पोस्टरवर माणूस नसतो. दोन्ही शेजारी शेजारी लावली, तर तो इतिहास होतो.

ज्येष्ठांची भीती मला कळते. पण गेम खेळणाऱ्या पोरांना जर्मन कार-९८ आधीच तोंडपाठ आहे. डायरच्या शिपायांच्या हातात कोणती रायफल होती विचारा, गप्प बसतात. पोस्टर नाकारून बंदूक त्यांच्या डोक्यातून जाणार नाही.

म्हणून माझी अट एवढीच: प्रत्येक पोस्टरखाली चार ओळींची पट्टी. साल, ठिकाण, कुणी चालवली, कोण मेलं. खजिनदार म्हणाले, पट्ट्यांचा खर्च कोण देणार? मी देतो. निर्णय पुढच्या रविवारी आहे.

तोवर एक काम करा. घरात कुणी फौजेत किंवा पोलिसांत थ्री नॉट थ्री वापरली असेल, तर त्यांना विचारून दोन ओळी खाली कमेंटमध्ये टाका. पट्टीवर त्याच लावू.