मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घरात आला असेल तर

मीडियम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा पूर्वी जाहिरातवाल्यांच्या स्टुडिओतच दिसायचा. फुजीफिल्मच्या जीएफएक्स मालिकेमुळे आणि सेकंडहँड बाजारामुळे तो आता हौशी माणसांच्या हातातही दिसतो. तुमच्याकडे आला असेल, किंवा घरातलं कुणी ‘घेऊ का?’ म्हणून मागे लागलं असेल, तर चार गोष्टी आधी ऐकून घ्या.

नेहमीच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. याचा साधारण ४४ बाय ३३ चा. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त. जीएफएक्स १००एससारख्या मॉडेलमध्ये त्यावर १० कोटींहून जास्त पिक्सेल आहेत. त्यामुळे पैठणीच्या काठातला धागा न् धागा फोटोत येतो. तुमचा हात हलला, तर तेही येतं.

म्हणून सुरुवात हातापासून करा. कोपरं अंगाला लावा. डावा तळवा लेन्सच्या खाली घ्या. मागच्या पडद्यात बघत हात लांब करून फोटो काढायची मोबाईलची सवय इथे सोडा. डोळा व्ह्यूफाइंडरच्या खिडकीला लावलात की कॅमेरा आपोआप स्थिरावतो.

शटरचा वेग जरा चढाच ठेवा. जितक्या मिलिमीटरची लेन्स, सेकंदाचा तितकावा भाग, हा जुना हिशोब इथे पुरत नाही. त्याच्या दुप्पट धरा. ६३ मिलिमीटरच्या लेन्सला १/१२५ सेकंद, ११० च्या लेन्सला १/२५०. नातवंडं पळत असतील तर १/५००. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. बॉडीत हात सावरणारी सोय आहे का, तेही बघा. १००एस आणि ५०एस टूमध्ये आहे. जुन्या ५०एस आणि ५०आरमध्ये नाही.

आता फोकस. ११० मिलिमीटर एफ/२ ही लेन्स फार देखणी आहे आणि नवख्याला हमखास फसवते. दीडेक मीटरवरून आजीचा चेहरा एफ/२ वर टिपलात, तर पापण्या लख्ख येतील आणि कान विरघळून जातील. आजीने मान जराशी वळवली, की एकच डोळा नीट. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळत नाही. घरी मोठ्या पडद्यावर कळतं, तेव्हा पाहुणे गावी पोचलेले असतात.

एका माणसाला एफ/४ ठेवा. दोघांना एफ/५.६. घरातली सगळी मंडळी दोन रांगांत उभी असतील तर एफ/८ ते एफ/११. त्याच्या फार पुढे मात्र जाऊ नका. एफ/१६ नंतर सगळंच जरा मऊ पडतं आणि एवढ्या पिक्सेलचे पैसे वाया जातात. पहिला फोटो काढला की तो तिथेच मोठा करून डोळ्यांवर नजर टाका. मग बाकीचे काढा.

या कॅमेऱ्यांत आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटरही असतं. देवळात, गाण्याच्या बैठकीत ते वापरायचा मोह होतो. पण इतका मोठा सेन्सर ओळीओळीने वाचायला कॅमेऱ्याला वेळ लागतो. तेवढ्यात आरतीचं तबक फिरलं तर ते तिरकं येतं, पंख्याची पाती वाकतात आणि एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे उमटतात. हलणारं काही असेल तर साधं यांत्रिक शटरच बरं.

फाइलींचा विचार पहिल्याच दिवशी करा. १६ बिटची, न दाबलेली एक रॉ फाइल २०० एमबीच्या वर जाते. ६४ जीबीच्या कार्डावर तीनशे फोटो काढलेत की संपलं. मुंज निम्म्यावर असताना हे कळून काय उपयोग? मेन्यूत जाऊन रॉ १४ बिट आणि लॉसलेस कॉम्प्रेस्ड करून टाका. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि जागा पुष्कळ वाचते. दुसऱ्या कार्डावर छोटी जेपीईजी लावा. आत्याला व्हॉट्सअॅपवर तीच पाठवायची आहे.

घरचा जुना लॅपटॉप या फाइलींपुढे हात टेकेल, हेही कॅमेरा घेताना खर्चात धरा. नवी हार्ड डिस्क घेणार असाल तर एक नको, दोन घ्या. दुसरी भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवल्या, तर चोर किंवा पाणी दोन्ही एकदमच नेतं.

आता पावसाळ्याचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे लेन्स पडून फुटतात त्यापेक्षा बुरशीने गुपचूप जातात असं माझं मत आहे. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत, अंधारात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात. फार दिवस राहिले तर काचेवरचा लेपच खाल्ला जातो. मग साफ करूनही डाग राहतो.

कातडी पाकिटात लेन्स ठेवू नका. कातडं ओल धरतं. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांजवळ तर मुळीच नको. कमी खर्चाचा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असू द्या. ३० च्या खालीही नको, फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण सुकतं.

सिलिका जेल एकदा टाकून विसरायची वस्तू नाही. निळे दाणे गुलाबी झाले, की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं असं समजा. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तापवले की पुन्हा निळे होतात. मात्र स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी घेऊ नका आणि दाणे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. निळ्या रंगासाठी वापरतात ते कोबाल्टचं मीठ पोटात जाणं चांगलं नाही.

ज्यांच्याकडे चार-पाच लेन्स आहेत त्यांनी विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. एका लेन्सच्या किमतीपुढे ते स्वस्तच. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, फोकसची आणि छिद्राची कडी फिरवा, पाच-दहा फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

एसी गाडीतून माळशेजच्या धुक्यात उतरलात की काचेवर लगेच दव धरतं. कॅमेरा पिशवीतच राहू द्या, चेनही उघडू नका. अर्ध्या तासात तो बाहेरच्या हवेइतका कोमट होतो. दव धरलंच तर लेन्स काढू नका, नाहीतर तेच दव सेन्सरवर बसेल. कंपनी ‘वेदर रेझिस्टंट’ लिहिते ते शिंतोड्यांसाठी. धबधब्याखाली उभं राहायचा तो परवाना नाही.

धुळीचंही तसंच. लेन्स काढली की या कॅमेऱ्यांत सेन्सर उघडाच असतो. म्हणून कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, दुसरी लेन्स आधीच हाताशी ठेवा आणि पटकन बदला. जेजुरीला भंडारा उधळत असताना किंवा विसर्जनाच्या गुलालात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. हळदीची पूड कड्यांच्या फटीत बसली की निघत नाही. खरं सांगायचं तर अशा ठिकाणी घरातला दुसरा साधा कॅमेरा न्या.

काच पुसताना आधी रबरी ब्लोअरने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग कापड. तोंडाने फुंकलंत तर थुंकी उडते. सदऱ्याच्या टोकाने पुसलंत तर अडकलेली वाळू काचेवर घासली जाते.

लेन्स किती घ्याव्यात? रोजच्यासाठी एक पुरे. ५० मिलिमीटर एफ/३.५ फक्त ३३५ ग्रॅमची आहे. ती लावली की कॅमेरा दिवसभर खांद्यावर राहतो. ११० ची लेन्स किलोभर आणि १००एसची बॉडी ९०० ग्रॅम, म्हणजे मिळून जवळजवळ दोन किलो. हौसेने घेतलेली जड लेन्स महिन्याभरात घरी राहायला लागते, आणि घरी राहिली की वर सांगितलेली बुरशी आलीच.

सेकंडहँड घेत असाल तर दिवसाउजेडी, समोरासमोर घ्या. लेन्सच्या मागून मोबाईलची बॅटरी मारा आणि पुढून तिरकं बघा. दोन-चार धूलिकण असले तर सोडून द्या. धाग्यासारखं किंवा धुरकट काही दिसलं, तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. ती तुमच्या बाकीच्या लेन्सजवळ ठेवणंही नको. बॉडीसाठी एफ/१६ वर कोऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघा. बिल मागा, आणि बिलावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहा.

आणि तो नंबर, लेन्सच्या नंबरांसकट, आजच वहीत लिहून ठेवा. बिलाचा फोटो मेलवर टाका. घराचा विमा असला तरी घराबाहेर हरवलेल्या कॅमेऱ्याचे पैसे तो देईलच असं धरून चालू नका. एजंटला विचारा, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.